रिमांच्या आडोशाला

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे बडे पुढारी नजरकैदेत होते. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहिलं, हे नगरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ मात्र आपल्याकडे फारसं कुणी उघडत नाही. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली, पण कैदेतून धाडता न आलेली ही पत्रं. मौलाना पहाटे तीन-चारच्या दरम्यान उठायचे, स्वतःच्या हातानं चहा करायचे आणि लिहीत बसायचे. चहा चिनी, बिनदुधाचा. (आम्हा नगरकरांचं त्यांच्याशी कसं जमलं असतं, कोण जाणे!) खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढाई, मग दोस्ती, यावरही पत्रं आहेत. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी गेल्याची बातमी त्यांना तिथंच कळली. पहारा चोवीस तासांचा होता, पण पहाट तेवढी त्यांची स्वतःची होती.

हे पुस्तक मी वाचलं ते एका छापखान्यात. १९९० च्या सुमारास बी.ए. करता करता मी तिथं प्रुफं तपासायचो. ट्रेडल मशीनच्या मागं कागदाच्या रिमांची थप्पी असायची. थप्पी आणि भिंत यांच्यामध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. मालकांना ती ठाऊक नाही, असा आमचा समज होता. दुपारी मी आणि खिळे जुळवणारे काका तिथं बसून चहा प्यायचो. घरात आमची बोली दखनी, कविता मात्र मराठीत सुचायची. ती ऐकवायला मला दुसरी जागाच नव्हती. काका डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “ही ओळ लांबली रे, स्टिकमध्ये मावायची नाही.” इतकी नेमकी समीक्षा पुढं मला कुठल्याही संमेलनात मिळाली नाही.

मग संगणक आला. मालकांनी मला डीटीपी शिकायला पाठवलं. मी गेलो, घरात पैशांची नड होती. सहा महिन्यांत खिळे भंगारात किलोवर विकले गेले आणि काका घरी बसले. त्यांचं काम करू लागलो तो मीच. कवितेत हे मला कधी लिहिता आलं नाही.

पुढं एका दिवाळीत काका छापखान्यात आले. रिमांच्या जागी बॅटऱ्या मांडल्या होत्या. आम्ही उभ्यानंच चहा घेतला.

“नवीन काय लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

मशीनचा खडखडाट नव्हता. मालक समोरच बसले होते.

मी म्हटलं, “काही नाही, काका.”