टेलला मोजा



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने गोड बोलावे, भाषेच्या भवितव्याची चिंता वाहावी आणि जेवणाची वेळ पाळावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. त्यातले जेवणाचे तेवढे मी पाळीन. बाकी मला भांडायचे आहे. नाशिक महानगर प्रदेश म्हणून निफाड, दिंडोरी, सिन्नरची गावे सरकारने एका नकाशात घेतली. नकाशाबरोबर बांधकामाच्या परवानग्या आल्या, शुल्क आले. संधी मात्र शहरातच थांबली.

हा हिशेब ओझरला नवा नाही. वाघाड धरणाच्या कालव्याचा शेवट इथे, म्हणजे आपण टेलचे. कागदावर टेलचा शेतकरीही लाभधारकच होता, पण पाणी हेडलाच, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीलाच, संपायचे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. मोठे धरण मागण्याऐवजी त्यांनी पाणी घनमापनाने, मोजून मागितले. पुढे वाघाडचे सारे लाभक्षेत्रच अशा संस्थांच्या हाती आले. वाटप न्याय्य झाले की नाही, हे धरणाच्या भिंतीवरून दिसत नाही; त्यासाठी शेवटच्या चारीवर उभे राहावे लागते. महानगरातल्या संधीही तिथूनच मोजा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोजल्यावर काय दिसते? मुक्त विद्यापीठ गोवर्धनला, आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. आखलेले दोन्ही मार्ग गंगापूर, नाशिकरोड, मुंबई नाका याच पट्ट्यातले. (ती मेट्रो अजून धावलेलीच नाही, तेव्हा शहरानेही फार मिरवू नये.) यावर कोणी म्हणेल, ओझरने तरी तक्रार करू नये. १९६४ पासून इथे एचएएल आहे, मिगपासून सुखोईपर्यंत विमाने इथे बनली, ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए इथूनच उडाले. खरे आहे, आणि त्या कारखान्याने कितीतरी घरे उभी केली हेही खरे. भरती देशभरातून होते, तशीच व्हावी. गाववाला म्हणून कोणाच्या हाती विमानाचा रिव्हेट देता येत नाही. माझा प्रश्न भरतीच्या आधीचा आहे. आयटीआय, डिप्लोमा, अप्रेंटिसशिप ही वाट एचएएलच्या टाऊनशिपमधल्या मुलाला घरातच कळते. द्राक्षबागेत थिनिंगला जाणाऱ्या बाईच्या मुलीला ती कोण सांगणार?

दुसरा आक्षेप ठरलेला: ओझरहून नाशिकचे अंतर आहेच किती, वीस किलोमीटर, अर्धा तास. हा अर्धा तास मोटारीचा आहे. दीक्षी-दात्याण्यासारख्या आतल्या गावच्या मुलीला आधी ओझर गाठायचे, मग नाशिक, मग तिथून कॉलेज. संध्याकाळचे प्रॅक्टिकल लांबले की परतीची गाडी हुकते. घरचे चार वेळा स्टँडवर न्यायला येतात, पाचव्यांदा सायन्स सोडायला सांगतात. हा निर्णय कुठल्याच निकालात दिसत नाही. पैसा मर्यादित आहे, सगळे गावोगाव कसे न्यायचे, ही हरकत मात्र गंभीर आहे. पण विद्यापीठ दीक्षीला हलवा, असे कोण म्हणते? शेवटची बस कॉलेजच्या वेळेशी जुळवायला, वसतिगृहात आतल्या गावांच्या मुलींना आधी जागा द्यायला, वाचनालय रात्री उघडे ठेवायला नवे धरण बांधावे लागत नाही.

यात साहित्याचा काय संबंध, असे मागच्या रांगेत पुटपुटणाऱ्यांना सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वे साहित्य संमेलन शेजारी आडगावला भरले. त्यानंतर सुकेण्याच्या वाचनालयात काय वाढले, हे विचारायची आपल्यालाही सवय नाही. वाचनालयांचे सरकारी अनुदान वर्गवारीने मिळते, वरच्या वर्गाला जास्त. म्हणजे इथेही हेडला आधी पाणी.

संध्याकाळी ठराव येतील. मराठीच्या अभिजात दर्जाच्या अभिनंदनाचाही येईल, त्याला मी हात वर करीन. पण पहिला ठराव हा घ्या: महानगर प्राधिकरणाने हद्दीतल्या शेवटच्या गावातून कॉलेज, दवाखाना, वाचनालय आणि कामाच्या ठिकाणी जायला-यायला लागणारा वेळ आणि भाडे दरवर्षी मोजून जाहीर करावे, आणि पुढचा निधी त्या आकड्यांवर वाटावा. सूचक मी आहे. अनुमोदक सभागृहातून हवा, आणि तो आतल्या गावचा असावा.