गुण आणि गरज
(महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



महाविद्यालये विद्यार्थ्यास साहाय्य देताना दोन गोष्टी पाहतात: त्याचे गुण आणि त्याच्या घरची गरज. या दोहोंपोटी मिळणाऱ्या रकमांची बेरीज होतेच, हा समज मात्र खरा नव्हे.

अमेरिकेतील रीत पाहा. समजा, वर्षाचा खर्च 40,000 डॉलर असून त्यांपैकी 15,000 घरून देणे शक्य आहे, असे महाविद्यालयाने ठरविले. उरलेले 25,000 ही गरज. आता मुलीने 10,000 ची गुणवत्ता-शिष्यवृत्ती मिळविली, तर पुष्कळ ठिकाणी गरजेपोटी द्यावयाचे साहाय्य 15,000 वर येते. घरचा भार होता तेवढाच राहतो. तीच रक्कम कर्जातून वजा झाली, तर मात्र मुलगी तेवढ्या ऋणातून सुटते. बाहेरील शिष्यवृत्तीचे निमित्त करून सरकारी महाविद्यालयांनी आपले साहाय्य कापू नये, म्हणून मेरीलँड राज्याने 2017 साली कायद्याने मर्यादा घातली.

होली क्रॉस संघाचे फादर सोरिन यांनी 1842 साली स्थापिलेल्या नोटर डेम विद्यापीठाने तर 2024 साली जाहीर केले की, परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत प्रवेशाच्या वेळी पाहिली जाणार नाही, आणि त्याची गरज कर्जावाचून भागविली जाईल.

तेव्हा परदेशी जाणाऱ्या मुलास धर्मग्रामाने मदत देण्यापूर्वी महाविद्यालयास पत्राने विचारावे: ही रक्कम कशातून वजा होणार, अनुदानातून की कर्जातून? एरवी विधवेची दमडी विद्यार्थ्याच्या हाती न पडता संस्थेच्या तिजोरीत जाईल. गुण ही देवाची देणगी आहे. दारिद्र्यामुळे ती मातीत पुरली जाऊ नये, एवढे पाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य होय.