घरून काम: सोय आणि सापळा



घरून काम बरं की रोज ऑफिसला जाणं? तब्येतीचा विचार केला तर उत्तर सोपं वाटतं. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून किमान 4 प्रवासी दगावले. दारात लटकणं ही कुणाची हौस नसते, हजेरीची वेळ गाठायची असते. 1992-93च्या दंगलीनंतर अनेक मुस्लिम कुटुंबं मुंबई सोडून मुंब्र्याला आली. घरं लांब गेली, कामाच्या जागा मात्र मुंबईतच राहिल्या. म्हणून हा प्रवास आपल्यासाठी फक्त कंटाळ्याचा विषय नाही.

तरीही कायम घरीच बसणं हा त्यावरचा इलाज नाही. चीनमधल्या सी-ट्रिप या कंपनीने कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांना 9 महिने आठवड्यातले 4 दिवस घरून काम दिलं. काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्याने घटले. पण प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. मोठं कारण होतं एकटेपणा. पुढे त्याच कंपनीत 1,612 जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्यात निम्म्या जणांना आठवड्यातले 2 दिवस घरून काम दिलं. राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले, बढतीवर परिणाम झाला नाही. स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना याचा जास्त फायदा झाला.

आता मैत्रिणींसाठी बोलते. ‘नोकरी कर, पण घरूनच कर,’ हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत परवानगी म्हणून दिलं जातं. ती परवानगी नाही, अट आहे. 2019च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष 97. अशा घरात लॅपटॉप उघडला की मीटिंग चालू असतानाच चहाची हाक येते. प्रवास वाचतो, पण वाचलेला वेळ तिच्या वाट्याला येत नाही.

शिवाय ऑफिसात पगारापलीकडेही काही मिळतं. वेगळ्या धर्माचे, जातीचे सहकारी शेजारी बसतात, डबा वाटून खातात. आपण त्यांना कळतो, ते आपल्याला कळतात. वस्त्या वेगळ्या होत गेलेल्या शहरात अशी जागा गमावणं परवडणारं नाही.

म्हणून दोन ठिकाणी बोला. ऑफिसात 2 दिवस घरून काम आणि हजेरीच्या वेळेत सवलत मागा. एकट्याने नको, सगळ्यांनी मिळून मागा. घरात भावांनो, तुम्ही बोला: ‘ताईची मीटिंग आहे, चहा मी करतो.’ आणि ती ऑफिसला जायचं म्हणाली, तर तिला अडवू नका. कुठून काम करायचं हे ज्याचं त्याला, जिचं तिला ठरवता आलं पाहिजे.