१९९१ चे परकीय कर्ज आणि शासनाचे समर्थन

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रिझर्व्ह बँकेचे देशात असलेले सोने मुंबई आणि नागपूर येथील तिजोऱ्यांत ठेवले जाते. तेव्हा राष्ट्राने सोने गहाण टाकल्याची हकीकत आपल्या शहराला अगदीच परकी नाही. मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर पंतप्रधान असताना, शासनाकडील जप्त सोन्यापैकी २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने रवाना केले आणि त्यावर सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. मंगळसूत्र सावकाराकडे ठेवावे लागण्याची वेळ ज्या समाजात सर्वांत लाजिरवाणी मानली जाते, त्या समाजात ही वार्ता कशी ऐकली गेली असेल, हे मी सांगावयास नको.

२१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. १९८४ आणि १९८९ अशा दोन निवडणुकांत आपल्या रामटेकने त्यांना लोकसभेवर पाठविले होते. त्यांच्या पक्षास लोकसभेत बहुमत नव्हते. म्हणून धोरणाचे समर्थन हा तेव्हा उपचार नव्हता, सरकार टिकण्याचा तो प्रश्न होता.

हे समर्थन दोन प्रकारचे होते आणि ते वेगवेगळे पाहिले पाहिजेत. कर्ज घेणे अपरिहार्य होते, हा पहिला भाग. २४ जुलै रोजी अर्थसंकल्प मांडताना वित्तमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी आकडा लपविला नाही : परकीय चलनाची गंगाजळी सुमारे २,५०० कोटी रुपये, म्हणजे जेमतेम पंधरवड्याच्या आयातीपुरती. आखाती युद्धाने तेल महागले होते, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते, आणि त्याआधीची अनेक वर्षे शासनाचा खर्च उत्पन्नाच्या बराच पुढे धावत होता. या भागास विरोधकांजवळ फारसे उत्तर नव्हते, असे माझे मत आहे.

दुसरा भाग असा की, धोरण आमचे आहे, नाणेनिधीने लादलेले नाही. येथे मात्र पूर्ण सहमत होणे कठीण. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही भिक्षा घालणारी संस्था नव्हे; १९४४ साली ब्रेटनवुड्स येथे तिची घडण झाली तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते, ज्यांची सनदी सेवा आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली. सभासद या नात्याने कर्ज मागणे हा आपला हक्कच होता. पण हक्काने घेतलेल्या कर्जालाही अटी असतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये सुमारे सव्वादोनशे कोटी डॉलरची जी उचल मंजूर झाली, तिच्यामागे तूट कमी करण्याचे बंधन होतेच. सुधारणांची गरज आपल्या अर्थतज्ज्ञांना आधीच पटली होती हे खरे, आणि धनकोने वेळापत्रक घालून दिले हेही खरे.

या वादाची धग गावापर्यंत पोहोचली ती खतांमुळे. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोन टप्प्यांत १८-१९ टक्क्यांनी अवमूल्यन झाले. पालाश तर सर्वस्वी आयातीवर अवलंबून. तेव्हा अनुदानाचा बोजा वाढणारच होता. अर्थसंकल्पाने खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढविण्याचे सुचविले. संसदेत गदारोळ झाला, सत्तारूढ पक्षातही अस्वस्थता पसरली, आणि ६ ऑगस्ट रोजी वित्तमंत्र्यांनी वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान व सीमांत शेतकऱ्यांना तीतून वगळले. सूट कोणाला, हे ठरविण्याचे काम मात्र गावच्या दप्तरावरच येऊन पडते. तलाठी आणि ग्रामसेवक यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कर्जाच्या अटी असतानाही लोकप्रतिनिधी निर्णय वळवू शकतात, याचा मी हा ठोस पुरावा मानतो.

१९८१ ची आठवण येथे उपयोगी आहे. त्या वर्षी नाणेनिधीने भारतास ५०० कोटी विशेष उचल अधिकारांचे कर्ज मंजूर केले. त्याच्या अटींची कागदपत्रे शासनाकडून नव्हे, वृत्तपत्रातून लोकांना कळली, आणि त्यामुळे समर्थनाचे निम्मे बळ आधीच गेले. पुढे १९८४ मध्ये त्यातील ११० कोटींची उचल आपण आपणहून सोडून दिली, ही गोष्ट मात्र तितकीशी गाजली नाही.

१९९१ मध्ये गहाण पडलेले सोने त्याच वर्षी सोडविले गेले. नाणेनिधीचे कर्जही २००० सालापर्यंत पूर्ण फिटले. त्यासाठी १९९१-९२ मध्ये चलनवाढ १७ टक्क्यांच्या जवळ जाऊन आली आणि आर्थिक वाढीचा वेग दीड टक्क्याच्या आत घसरला. खतांचे प्रकरण तेवढ्यावर मिटले नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील किंमत-नियंत्रण उठविण्यात आले, युरिया मात्र नियंत्रणाखाली स्वस्त राहिला. शेतकरी स्वस्त खताकडे वळला, आणि नत्राचे प्रमाण बिघडलेल्या जमिनींचे माती परीक्षण अहवाल आजही आपल्या कृषी कार्यालयांत येत आहेत.