मी एक लिंबूटिंबू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘खेळातले शब्द’ असे सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्यांचे काही चुकले नाही. लोणची, पापड आणि संक्रांतीच्या वाणाचा हिशेब याखेरीज या मंडळात मी आजवर कशावर तोंड उघडलेले नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी खेळाच्या मैदानाशी माझा संबंध जडला तो एका शब्दामुळे. तो शब्द माझाच होता, आणि मी तो बोलायला नको होता.

आमची नात खो-खो खेळते. २०२४ साली ती दहावीत होती. पावसाळा सरता सरता लातूर विभागाचे शालेय सामने झाले, त्यासाठी तिचा संघ नांदेडहून लातूरला गेला. रात्री उशिरा ती परत आली. गुडघे सोललेले, केसांत माती, आणि चेहरा मात्र दिवाळीच्या पहाटेसारखा. चपला काढण्याआधीच म्हणाली, “आजी, मी अडीच मिनिटं पळाले!”

मी झाकून ठेवलेले ताट काढीत होते. म्हटले, “इतकंच?”

ती काही बोलली नाही. हातपाय धुतले, जेवली आणि निजली. मला त्यात काही वावगे झाले असे वाटलेही नाही. माझ्या हिशेबी अडीच मिनिटांत पातेलीभर दूधही उतू जात नाही. एवढ्यासाठी एस.टी.ने तीन-साडेतीन तास जायचे, तितकेच यायचे, आणि दहावीचा अभ्यास बुडवायचा? दुसऱ्या दिवशी तिचे वडील म्हणाले, “आता हे पुरे. पुढच्या वर्षी लातूरला क्लास लावायचाय.” मी मान डोलावली. त्या वेळी तिने वडिलांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

पुढे दोन दिवसांनी वर्तमानपत्रात सामन्यांची चार ओळींची बातमी आली. कुणी इतकी मिनिटे संरक्षण केले, कुणी आक्रमणात इतके गडी टिपले, अमक्या संघाने एक डाव राखून विजय मिळविला. मी ती तीनदा वाचली. अक्षर न् अक्षर मराठी, पण अर्थ लागेना. आता ‘गडी’ हाच शब्द घ्या. आमच्याकडे गडी म्हणजे सालगडी. मुलींनी चार गडी टिपले म्हणजे काय केले? अखेर बातमी घेऊन नातीकडेच गेले. “तुला काय करायचंय?” असे ती प्रथम म्हणाली. ते मी ऐकून घेतले, कारण ती पाळी मीच आणली होती.

मग तिने स्वयंपाकघरातून चिंचोके आणले आणि फरशीवर मांडले. दोन टोकांना दोन खांब म्हणून लाटणी उभी करून पाहिली, ती राहिनात, तेव्हा हळदीची आणि तिखटाची बरणी ठेवली. मधल्या पट्टीवर आठ चिंचोके बसले, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. नववा गडी उभा. हा आक्रमण करणारा संघ. धावणाऱ्यांची तुकडी तिघींची. आता मौज अशी, की पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा एका दिशेला निघाली की खांब गाठेपर्यंत उलट फिरता येत नाही. धावणारी मात्र बसलेल्यांच्या मधून हवी तशी सुटते. नागमोडी सुटत गेली की ती साखळी. डाव्या अंगाचा भास देऊन उजवीकडे निसटली की हूल. मग पाठलाग करणारीने काय करावे? बसलेलीच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणावे आणि आपण तिथे बसावे. उठलेली ताज्या दमाची, आणि तिचे तोंड बरोबर त्या बाजूला. म्हणजे पळणारी तीच राहते, दमते. मागे लागणारी मात्र क्षणाक्षणाला नवी.

मोठ्यांच्या नेहमीच्या सामन्यात अशी एक खेप ९ मिनिटांची असते. तेवढ्यात तिघींच्या किती तुकड्या येतात आणि जातात. एकेक तुकडी दोन मिनिटांतसुद्धा गारद होते. त्यात एकटी मुलगी अडीच मिनिटे हाती लागत नाही म्हणजे नऊजणी मिळून तिला टिपू शकल्या नाहीत!

मी चिंचोक्यांकडे पाहत राहिले. “मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?” म्हणून विचारले. ती म्हणाली, “तू इतकंच म्हणालीस.”

त्या दिवसापासून मी हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर शब्द लिहू लागले. “आजी, तू काय लिहून घ्यायलीस?” असे नात चिडवी. आपल्या लहानपणी आट्यापाट्या किंवा लंगडी रंगली की धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेत, आठवते ना? त्याने खेळावे, धावावे, पण तो बाद झाला तरी मोजायचा नाही. घरात माझी जागा ती झाली. मी चुकले तरी कुणी मोजीत नसे, आणि त्यामुळे विचारण्याची लाज गेली.

क्रिकेटच्या शब्दांचीही वही भरली. आमचे थोरले बंधू आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी वर्णन लागले की ट्रान्झिस्टर कानाशी घेऊन बसत. ‘त्रिफळा उडाला’ असे ते ओरडले की आमची आई माजघरातून म्हणे, “कुणाला झालं रे पोटाचं?” मीही इतकी वर्षे हसत होते, पण तीन यष्ट्या म्हणून त्रिफळा, हे मला आत्ता उमगले. आणि पायचीत, धावचीत, यष्टिचीत यांतले ते ‘चीत’ तर आपल्या जत्रेतल्या फडातले! पाठ टेकली की पैलवान चीत. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्या कुस्त्यांच्या गोष्टी आपण बायकांनीही ऐकल्या आहेत. म्हणजे अर्धा शब्द आपल्या घरातच होता, फक्त तो पुरुषांच्या खोलीत ठेवलेला होता.

माझे माहेर देगलूरचे. तिथे मुले विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजीत. पुढचे आकडे गावोगाव निराळे. आम्हांला ती एक गंमतीची बडबड वाटे. पुढे एकदा बाजारात तेलुगू बोलणारी एक बाई ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू असे नग मोजीत होती आणि मी थबकलेच. एक, दोन, तीन, चार! सरहद्दीपलीकडची मोजणी आमच्या पोरांच्या तोंडी बसली होती आणि आम्हांला पत्ता नव्हता. असो, विटीदांडूत रमले तर वेळ पुरायचा नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. आम्ही दोघींनी ती मिळून पाहिली. तिथे नऊऐवजी सातजणींचा संघ होता, आणि नवेच शब्द कानी आले. तुकडी ठरलेल्या वेळेपलीकडे टिकली तर धावणाऱ्यांनाही गुण, त्याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. वहीत आणखी एक पान. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरविले. कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यातली. पुरुषांचाही चषक त्याच दिवशी आपल्याकडे आला, पण खरे सांगते, आमच्या घरात त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

त्याच रात्री मी मुलाशी बोलले. म्हटले, “अरे, अडीच मिनिटं म्हणजे काय, ठाऊक आहे का तुला?” आणि त्याला साखळी, हूल, खो सगळे समजावून सांगितले. चिंचोक्यांसकट. तो ऐकत होता. मग हसून म्हणाला, “आई, मी शाळेत असताना रोज क्रिकेट खेळून यायचो. तू मला एकदाही विचारलं नाहीस, किती काढल्यास म्हणून.”

हसून म्हणाला, पण म्हणाला. मला उत्तर देता आले नाही. त्याच्या शर्टावरची माती मी वर्षानुवर्षे घासून काढली, ती कशाने लागली ते विचारले नाही. मैत्रिणींनो, हे मी आज इथे सांगते आहे, त्याला अजून नीट सांगितलेले नाही.

क्लासचे काही टळले नाही. लातूर म्हटले की अभ्यास, हे आपल्या भागात ठरलेलेच आहे, आणि शिकू नये असे माझेही म्हणणे नव्हते. पण खेळ बंद करायचा हे कलम तेवढे गळाले. जूनमध्ये ती लातूरला गेली. क्लास दिवसभर, मैदान पहाटे.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री मात्र ती लातूरला आणि आम्ही नांदेडला, दूरध्वनी दोन्हीकडे उघडा. महिला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत होता. दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत तो शेवटचा झेल घेतला आणि दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. शेजारच्या काकूंनी विचारले, “धावांनी म्हणजे? काल-परवा तर गडी राखून म्हणत होते.” मी उत्तर दिले! आधी फलंदाजी करणारा जिंकला तर धावांनी, मागून फलंदाजी करणारा जिंकला तर हाताशी जितके गडी उरले तितके राखून. दूरध्वनीतून नात ओरडली, “आजी, तू आता लिंबूटिंबू नाहीस!”

त्याच महिन्यात तिचा सामना पाहायला लातूरला गेले. मनगटावर ह्यांचे जुने घड्याळ बांधले होते. ती आत शिरली तेव्हा काट्याकडे पाहिले, आणि मग घड्याळ पाहायचे भान राहिले नाही. एकदा ती खांबापाशी अगदी सापडली होती, मागची मुलगी सूर मारून पुढे आली, आणि ही हूल देऊन पट्टीपलीकडे. मी ‘साखळी!’ म्हणून ओरडले. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी वळून पाहिले.

ती बाद होऊन बाहेर आली, धापा टाकीत, आणि पहिला प्रश्न मलाच केला. “किती?”

मी घड्याळाकडे पाहिले. “दोन चाळीस,” म्हणाले.

“पंचेचाळीस,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली माझ्या हातातून घेतली.