निजलेल्या मुलाची राखण

दिवाळी सरली कीं वरूडच्या शिवारांत संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होते, आणि त्याच सुमारास कोरडवाहू वावरांतून कापसाची वेंचणी चाललेली असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यांत त्या दिवसांत एकहि हात रिकामा नसतो. पुरुष तोडीला, बाया वेंचणीला किंवा संत्रीं निवडून क्रेटांत भरावयाला, अशीं सारीं माणसें उजाडतांच घराबाहेर पडतात. जिच्या कडेवर चार-पांच महिन्यांचें लेंकरूं आहे तिला तें घरीं ठेवून जातां येत नाहीं, कारण तें अंगावर पितें. म्हणून ती त्याला बरोबर घेऊन निघते. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाते, लेंकरूं तींत निजतें, आणि झोका देण्यासाठीं सहा-सात वर्षांची त्याची बहीण तेथें बसते. तें निजलें म्हणजे ती उठून खेळावयास जाते. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. तिचेंहि वय खेळण्याचेंच आहे.

मूल निजलें म्हणजे त्याच्याकडे पाहण्याचें काम संपलें, ही समजूत एकट्या त्या बहिणीची नाहीं. आजीची, शेजारणीची आणि पगार घेऊन पाळणाघर चालवणाऱ्या बाईचीहि तीच असते. वस्तुतः पहिल्या वर्षांत मुलाला मोठ्या माणसाची गरज जागेपणीं असते तितकीच झोंपेंत असते. जागें मूल रडून आपली अडचण कळवतें. निजलेल्या तान्ह्या मुलाच्या नाकातोंडावर कापड आलें, तर तें दूर करण्याचें बळ त्याच्या हातांत नसतें, आणि पुष्कळदां तें रडतहि नाहीं.

हातांतलें काम आणि झोंपेंतलें मूल यांचा मेळ घालण्याचा प्रश्न वऱ्हाडापुरता नाहीं आणि नवाहि नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी बायकांनीं तो एके काळीं कसा सोडवला, हें ऐकण्यासारखें आहे. सकाळीं पाळीवर जाण्यापूर्वीं मुलाला 'बाळागोळी' द्यावयाची; तिच्यांत अफू असे. मूल दिवसभर गुंगींत पडून राही, आणि सांभाळणाऱ्या म्हातारीला त्रास होत नसे. डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनीं १९२२ सालीं या बायकांची स्थिति पाहून सरकारला जो अहवाल दिला, त्यांत शेंकडा ९८ मुलांना अफू दिली जाते असें नमूद केलें. अफूनें श्वास मंदावतो, मूल दुधाला उठत नाहीं व खंगत जातें. त्या चर्चेंतूनच गिरण्यांत पाळणाघरें असावींत हा विचार बळावला. १९३४ च्या कारखाना कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें मुलांसाठीं खोली राखून ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, १९४८ च्या कायद्यानें ती सक्तीची केली, आणि १९७६ सालीं पन्नासाची मर्यादा तीसवर आणली.

बाळागोळी गेली, पण तिच्यामागची बुद्धि पुरती गेलेली नाहीं. मूल शांत निजावें म्हणून सर्दीखोकल्याचें औषध चमचाभर पाजणारीं माणसें आजहि आहेत. सर्दीचें एक प्रचलित मिश्र औषध चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, असें केंद्रीय औषध नियंत्रकांनीं २०२३ सालीं फर्मावलें आहे. वरूडहून फार दूर नसलेल्या छिंदवाडा जिल्ह्यांत २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत खोकल्याच्या दूषित औषधानें वीसहून अधिक मुलें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. तें औषध झोंपेसाठीं दिलेलें नव्हतें, हें खरें. परंतु तान्ह्या मुलाला बाटलींतलें कांहींहि सहजपणें पाजूं नये, हें त्यावरून कळावें.

आतां मूल निजवावें कसें? उताणें. दिवसाची डुलकी असो कीं रात्रीची झोंप, पहिलें वर्षभर मुलाला पाठीवरच निजवावें. आपल्याकडील पाळण्यांत मूल बहुधा उताणेंच निजतें, आणि या बाबतींत आपल्या आज्या विलायती पंडितांहून शहाण्या ठरल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत व युरोपांत मुलाला पालथें निजवण्याचा सल्ला पसरला, डॉ. स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकानेंहि १९५८ च्या आवृत्तींत तोच दिला. पुढें निरोगी मुलें झोंपेंत एकाएकीं मरण पावण्याचें प्रमाण वाढलेलें दिसलें. १९८७ सालीं हॉलंडनें, १९९१ सालीं न्यूझीलंड व ब्रिटननें आणि १९९४ सालीं अमेरिकेनें मुलें उताणीं निजवण्याची मोहीम काढली, व कांहीं वर्षांतच हे मृत्यु निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं आले. यासाठीं ना लस लागली, ना यंत्र.

उताणें मूल दूध ओकून गुदमरेल ही भीति पुष्कळांस वाटते. ती उलटी आहे. मूल पाठीवर असतां श्वासनलिका वर व अन्ननलिका खालीं असते. वर आलेलें दूध आपल्या भारानें अन्ननलिकेंतच परततें. पालथ्या मुलांत हा क्रम फिरतो. पालथें निजल्यानें पोटांतला वायु सरतो व मूल अधिक वेळ झोंपतें, असें म्हणतात. अधिक गाढ झोंपतें हें खोटें नाहीं; परंतु धोका तेथेंच आहे, कारण श्वास अडला असतां त्याला सहज जाग येत नाहीं, आणि मऊ अंथरुणांत नाक रुतलें कीं स्वतःचाच सोडलेला श्वास तें पुन्हां घेत राहतें. पोटावर ठेवावयाचें तें जागेपणीं, समोर बसून. त्यानें मान बळकट होते.

अंथरूण सपाट व घट्ट असावें. सुंभ सैल पडून झोळ आलेल्या बाजेपेक्षां जमिनीवर चटई व तिच्यावर घट्ट घडीची वाकळ केव्हांहि बरी. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवतात ती मोहरीची उशी काढून ठेवावी. उशी या वयाला नकोच. झोळीविषयीं अधिक स्पष्ट बोललें पाहिजे, कारण ती वावरांतली गरज आहे. झोळींत मुलाची पाठ वांकते व हनुवटी छातीला टेकते; मान न धरणाऱ्या मुलाची श्वासाची वाट त्यानें अरुंद होते. शिवाय दोन्ही कडांचें कापड तोंडावर मिटतें. नाइलाज असेल तर कडांमध्यें आडवी काठी घालून झोळी उघडी ठेवावी, ती जमिनीपासून हातभरच उंच बांधावी, कोणी मोठें माणूस शेजारीं असेपर्यंतच मूल तींत ठेवावें, आणि डोळा लागतांच तें काढून सावलींत सपाट जागीं निजवावें. मूल उठून बसूं लागलें कीं झोळी सोडावी. मोठ्या मुलांना तिचा झोपाळा करूं देऊं नये. पीळ पडून गळ्याला फास बसतो.

मार्गशीर्ष-पौषांत वरूडकडे थंडी चांगलीच असते. घरांत कुंची बांधून वर गोधडी ओढली कीं मूल सुरक्षित, असें वाटतें. मूल अंगांतली उष्णता बरीचशी डोक्यावाटें सोडतें. निजतांना कुंची नको. गोधडीऐवजीं अंगांत एक कपडा अधिक घालावा. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें अशक्त नवजात बालकांसाठीं उबदार पिशवी वापरली; तींत मूल उबेंत राहतें आणि तोंड मोकळें असतें. बंद खोलींत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजणें तर आई व मूल दोघांनाहि घातक आहे. वैशाखांत याच्या उलट: मानेमागें हात लावून पाहावा, घाम असेल तर कपडे उतरवावे.

आई जवळ असावी, ही आपली चाल चांगली. इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं दक्षिण आशियांतून आलेल्या कुटुंबांत मुलें आईच्या खोलींतच निजतात, आणि त्यांच्यांत असे मृत्यु कमी आढळले. त्या आया विडी-सिगारेट व दारूपासून बहुधा दूर असतात. ज्या घरीं अंथरुणावर तंबाखूचा धूर किंवा दारू प्यालेलें माणूस असेल, तेथें मूल त्याच अंथरुणावर निजवूं नये.

पण दिवसां आई जवळ नसते, आणि खरा पेंच येथेंच आहे. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेखालीं अंगणवाडींतच पाळणाघर काढण्याची सोय झाली. तेथें सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचीं मुलें घेतात. पगारी नोकरींतल्या स्त्रीला पहिल्या दोन मुलांच्या वेळीं २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून मिळते. म्हणजे रजा संपते तेव्हां पाळणाघराचें दार उघडतें. संत्र्याच्या बागेंतल्या मजुरीण बाईला ही रजा नाहीं. ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांतच कामावर येते. झोंपेंतले अकस्मात् मृत्यु बहुतेक सहा महिन्यांच्या आंतले, त्यांतहि दुसऱ्या ते चौथ्या महिन्यांतले असतात. ज्या वयांत राखण सर्वांत अधिक हवी, त्याच वयाचें मूल झोळींत आणि बहिणीच्या हवालीं आहे.

विवाहानंतर कांहीं वर्षें अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी उभारली, तेव्हां पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र ठेवल्या. थोरली बहीण शाळेंत यावयाची, तर तिच्या कडेवरचें भावंडहि आलें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पाळणाघरांतहि एक गोष्ट चुकते. अमेरिकेंत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असे सुमारें एक पंचमांश मृत्यु मूल परक्याच्या हवालीं असतां घडलेले आढळले. घरीं उताण्या निजणाऱ्या मुलाला तेथें पालथें निजवलें, कीं धोका फार वाढतो. म्हणून मूल हातीं देतांना आईनें संकोच न धरतां सांगावें, "ताई, याले पालथं नोका निजवू, उताणंच निजवा." आणि सेविकेनें तें शिकवणें मानूं नये. मुलें निजल्यावर खोलींत अंधार करूं नये. तोंडें दिसतील अशा जागीं बसावें, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनीं प्रत्येकाचा श्वास व रंग जवळ जाऊन पाहावा.

२००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यांत, कामावर सहा वर्षांखालील पांच मुलें असतील तर एका बाईला त्यांच्या राखणीवर ठेवून पूर्ण मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. खासगी बागेला तसें बंधन नाहीं. पण तोडीचा हंगाम थोड्या महिन्यांचा असतो, आणि वीस-पंचवीस बायांमागें एक रोज बागवानाला किंवा व्यापाऱ्याला जड नाहीं. त्या कामाला थकलेली म्हातारी नेमूं नये. तिला बसल्या जागीं डुलकी लागते. डोळे चांगले असलेली, तंबाखू न ओढणारी बाई पाहावी, तिच्याकडे दुसरें काम देऊं नये, आणि दुधाच्या वेळीं आयांना हांक मारण्याची मुभा तिला असावी.