मिरची डोळ्यांत गेली तर



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत आणि युनियनच्या कचेरीत झाले. असा मनुष्य औषधपाण्यावर बोलायला उभा राहिला, त्याला कारण माझीच एक चूक आहे.

आपल्या या खोताच्या वाडीत उन्हाळा आला की ईस्ट इंडियन घरांतून बॉटल मसाल्याची मिरची वाळत पडे. कांडणाऱ्या बाया येत, मुसळे चालत, आणि मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरला जाई. आता कांडपयंत्रे आली, तरी मिरची तीच. अशाच एका कांडपाच्या ठिकाणी काही वर्षांपूर्वी पोते फुटले आणि एका कामगार बाईंच्या डोळ्यांत पूड गेली. मी धावलो. ओल्या रुमालाने डोळे खसाखसा पुसले, वर तूप लावायला सांगितले. आजीचा उपाय! संध्याकाळपर्यंत बाईंना डोळे उघडवेनात. इस्पितळातले डॉक्टर मला म्हणाले, "आग तुम्ही चोळून आत घातलीत."

बाजारात मिळणाऱ्या मिरचीच्या फवाऱ्यात हीच आग असते. तिचे नाव कॅप्सेसिन. ती तेलकट आहे, पाण्यात सहजी विरघळत नाही. म्हणून दोन हबके मारून भागत नाही. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाच्या विधेयकावेळी लोकसभेत एका सदस्याने हा फवारा मारला, तेव्हा काही खासदारांना इस्पितळात न्यावे लागले. रात्रपाळीहून येणाऱ्या मुली ती नळी पर्समध्ये ठेवतात. खुशाल ठेवाव्यात. पण वारा उलटा असला, तर फवारा मारणारीच्याच तोंडावर येतो.

तसे झाले तर आधी मोकळ्या हवेत या. डोळे चोळू नका, उघडझाप करा. डोळ्यांत लेन्स असेल तर स्वच्छ हातांनी काढा. मग नळाचे गार पाणी, पंधरा मिनिटे, घड्याळ लावून. मान कलती ठेवा, म्हणजे एका डोळ्याचे पाणी दुसऱ्यात जाणार नाही. डोळे मिटून चेहरा साबणाने हलक्या हाताने धुवा; तेल साबणानेच सुटते. माखलेला सदरा डोक्यावरून ओढू नका. बटणे सोडा, नाही तर कापा. मदत करणाऱ्यानेही आपले हात धुवावेत, हे मी विसरलो होतो आणि रात्री स्वतःचेच डोळे चोळून बसलो! तूप, तेल, मलम काही लावू नका. दुधाची पुष्कळ ख्याती आहे. पण तुलना करून पाहता ते पाण्याहून सरस ठरलेले नाही.

बहुधा अर्ध्या-एक तासात आग उतरते. पण दमेकऱ्याला हा फवारा जिवावर बेतू शकतो. त्याला बसते करा, त्याचा पंप त्याच्या हाती द्या आणि १०८ ला फोन लावा. छातीत घरघर आली, किंवा धुतल्यावरही दिसणे धूसर राहिले, तरी वाट पाहू नका, इस्पितळ गाठा.

त्या बाई चार दिवसांनी कामावर आल्या. त्या वर्षी आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्याही वर एक ओळ होती : कांडपाच्या खोलीत नळ. नळ बसला. चष्मे अजून यायचे आहेत.